स्ट्रीम म्हणजे ओढा आणि बेड म्हणजे पलंग, मग वाक्य का जुळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाषांतराचं काम नुकतंच सुरू केलंय, डिक्शनरीत स्ट्रीमसमोर ओढा, प्रवाह आणि बेडसमोर पलंग, बिछाना, वाफा असं दिलंय, पण हातात आलेल्या तीन वाक्यांत यातलं काही नीट बसत नाहीये. पहिलं वाक्य लघवी तपासणीच्या पत्रकातलं, त्यात 'मिडस्ट्रीम सॅम्पल' घ्यायला सांगितलंय. दुसरं पाइपलाइनच्या मॅन्युअलमधलं, 'बेड द पाइप इन सँड'. तिसरं ऑस्ट्रेलियातल्या एका शेतकऱ्याच्या आठवणींतलं, 'द क्रीक बेड वॉज ड्राय बाय ख्रिसमस'. आणि शेवटी विचारलंय की असल्या शब्दांच्या सगळ्या अर्थांची यादी कुठे मिळेल का, पाठच करून टाकतो.

यादी मिळेल हो, कुठल्याही मोठ्या डिक्शनरीत मिळेल, पण पाठ करू नका. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते त्याला वीस वर्षं होत आली, आरोग्याची पत्रकं, मशीनची मॅन्युअलं, शेतीची पुस्तकं, सगळं केलंय, आणि माझा अनुभव असा की असे रोजचे साधे शब्दच सगळ्यात जास्त घात करतात. अवघड शब्द आला की आपण थांबतो, शोधतो. बेड आला की थांबतच नाही. यादी पाठ करण्यापेक्षा त्या शब्दामागचं चित्र डोळ्यासमोर आणायची सवय लावा, मग त्या चित्राला आपल्याकडे काय म्हणतात ते आठवा. डिक्शनरी उघडायची ती त्यानंतर.

स्ट्रीमचं चित्र काय, तर एका दिशेने न तुटता चाललेलं काहीतरी. पाणी असायलाच हवं असं नाही. हा शब्द खरं तर आपला लांबचा नातेवाईक आहे, संस्कृतातला 'स्रु' धातू, ज्याच्यापासून स्रोत, स्राव, पाझरणं या अर्थाचं स्रवणं आलं, त्याच जुन्या मुळातून स्ट्रीमही आलाय, जर्मानिक भाषांमध्ये स आणि र च्या मधे एक त घुसला एवढंच. डायरिया आणि ऱ्हुमॅटिझम या शब्दांतही ग्रीकच्या वाटेने आलेलं तेच वाहणं आहे. म्हणून स्ट्रीमला आधी 'ओढा' न समजता 'वाहतं काहीतरी' समजा, पुढचं सोपं जातं.

बोलण्यातल्या इंग्रजीत स्ट्रीम म्हणजे नदीपेक्षा लहान, हे बरोबरच. पण जलविज्ञानाच्या पुस्तकात गेलात की तिथे वाहतं पाणी कितीही मोठं असलं तरी स्ट्रीमच. तिथे स्ट्रीम ऑर्डर नावाची पद्धत आहे, सगळ्यात वरच्या, ज्याला अजून कुणी येऊन मिळालेलं नाही अशा प्रवाहाला एक नंबर, एक आणि एक मिळाले की दोन, दोन आणि दोन मिळाले की तीन, पण दोनला एक येऊन मिळाला तर दोनच राहतो. या हिशोबात अ‍ॅमेझॉन बाराव्या ऑर्डरची स्ट्रीम मानतात. आता तिथे 'बाराव्या क्रमांकाचा ओढा' लिहिलं तर काय होईल विचार करा. 'प्रवाह' लिहायचं. गल्फ स्ट्रीम तर समुद्रातच वाहते आणि जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढं पाणी नेतात त्याच्या कितीतरी पट पाणी नेते. जेट स्ट्रीम साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवरचा जोरदार वारा. माणसांचा स्ट्रीम आला तर रीघ किंवा लोंढा, प्रश्नांचा आला तर भडिमार, पैशाचा आला तर ओघ, अश्रूंचा आला तर धारा. आपल्याकडे एकेका गोष्टीला वेगळा शब्द आहे आणि सगळीकडे 'प्रवाह' चिकटवून आपण तो वाया घालवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमचं पहिलं वाक्य, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथे चूक झाली तर पेशंटचा रिपोर्ट चुकतो. मिडस्ट्रीमचं भाषांतर 'मध्यप्रवाह नमुना' असं केलेलं मी पाहिलंय. शब्दाला शब्द बरोबर आहे, पण हातात डबी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला त्यातून काय करायचं ते अजिबात कळत नाही. चित्र बघा. लघवी सुरू होते तेव्हा सुरुवातीच्या भागाबरोबर मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि आजूबाजूच्या कातडीवर असलेले जंतू वाहून येतात, ते डबीत गेले तर कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, तेच वाढतात आणि इन्फेक्शन नसताना असल्यासारखं दिसू शकतं, म्हणून सुरुवातीची सोडायची आणि मधली घ्यायची. मराठीत याला शब्द तयार आहे, धार. म्हणजे पत्रकात असं लिहा: 'सुरुवातीची थोडी लघवी टॉयलेटमध्ये जाऊ द्या, मग धार न थांबवता मधल्या धारेची लघवी डबीत घ्या, पुरेशी झाली की उरलेली पुन्हा टॉयलेटमध्ये.' वाक्य लांब झालं तरी चालेल, इंग्रजीत एका शब्दात मावलं म्हणून मराठीत पण एकाच शब्दात मावलं पाहिजे असा काही नियम नाही. आणि हीच धार पुढेही उपयोगी पडते, प्रोस्टेटच्या त्रासाबद्दलच्या पत्रकात 'वीक स्ट्रीम' येतं ते 'लघवीची धार बारीक होणे'. 'कमकुवत प्रवाह' लिहू नका, असं कुणी डॉक्टरला सांगत नाही.

असाच जपून हाताळायचा शब्द डाउनस्ट्रीम. पुराच्या सूचनेत धरणाच्या डाउनस्ट्रीम राहणाऱ्या लोकांसाठी काही लिहिलेलं असतं, तिथे 'प्रवाहाच्या दिशेने' असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटू शकतं की प्रवाहाच्या दिशेने जायला सांगतायत. 'धरणाच्या खालच्या अंगाला असलेली गावं', संपला गोंधळ. वरचं अंग आणि खालचं अंग हे आपले चालू शब्द आहेत. बाकी तेल कंपन्यांच्या भाषेत अपस्ट्रीम म्हणजे तेल शोधून जमिनीतून काढणं आणि डाउनस्ट्रीम म्हणजे रिफायनरी आणि विक्री, सॉफ्टवेअरमध्ये अपस्ट्रीम म्हणजे ज्या मूळ प्रोजेक्टवरून तुम्ही कोड घेतला तो, आणि कारखाना 'ऑन स्ट्रीम' आला म्हणजे उत्पादन सुरू झालं. चित्र सगळीकडे तेच, उगमाकडे की मुखाकडे. शाळेतला स्ट्रीम मात्र दोन प्रकारचा आहे, सायन्स स्ट्रीम म्हणजे आपली विज्ञान शाखा, पण ब्रिटिश शाळांबद्दलच्या लेखात 'स्ट्रीमिंग' आलं तर ते मुलांना कुवतीनुसार वेगळ्या तुकड्यांत बसवणं असतं, व्हिडिओशी काही संबंध नाही. व्हिडिओचं स्ट्रीमिंग स्ट्रीमिंगच ठेवा, अख्खी फाइल उतरायची वाट न बघता डेटा येईल तसा दाखवत राहायचं म्हणून ते नाव पडलंय.

तर ही झाली स्ट्रीमची गोष्ट. पण इंग्रजीत लहान वाहत्या पाण्याला देशागणिक, परगण्यागणिक वेगळा शब्द आहे आणि त्यातले निम्मे दुसऱ्याच कुठल्या शब्दासारखे दिसतात. आपल्याकडे नाही का, ओढा, ओहोळ, नाला, वहाळ, पऱ्ह्या, झरा, प्रत्येकाचा आकार आणि स्वभाव वेगळा, तसंच. स्कॉटलंडमध्ये ओढ्याला बर्न म्हणतात, जळण्याशी काही देणंघेणं नाही, 1314 साली जिथे रॉबर्ट द ब्रूसने इंग्रजांना हरवलं ते बॅनकबर्न म्हणजे बॅनक नावाच्या ओढ्याचंच नाव. उत्तर इंग्लंडमध्ये व्हायकिंग लोकांच्या भाषेतून आलेला बेक. दक्षिण इंग्लंडमधल्या खडूच्या दगडाच्या भागात बोर्न, आणि त्यातही विंटरबोर्न, जो फक्त हिवाळ्यात भूजल वर आलं की वाहतो आणि उन्हाळ्यात आटतो, बोर्नमथ शहराचं नाव म्हणजे बोर्नचं मुख. न्यूयॉर्कच्या आसपास किल, कारण सतराव्या शतकात तिथे डच वसाहत होती आणि डच भाषेत किल म्हणजे ओढा किंवा खाडीसारखी वाट, म्हणून कॅट्सकिल डोंगर आहेत आणि तिथे कुणी मांजरं मारलेली नाहीत. व्हर्जिनियाकडे रन. अमेरिकन यादवी युद्धातली 1861 ची बुल रनची लढाई बुल रन नावाच्या ओढ्याकाठी झाली, तिलाच मनॅसस असंही म्हणतात, कारण उत्तरेकडचे लोक लढाईला बहुतेकदा जवळच्या ओढ्या-नदीचं नाव द्यायचे आणि दक्षिणेकडचे जवळच्या गावाचं. अमेरिकेच्या दक्षिण भागात ब्रांच म्हणजे ओढा, 'बर्बन अँड ब्रांच' म्हणजे बर्बन व्हिस्की आणि ओढ्याचं स्वच्छ पाणी, आज साधं पाणी. मला यात एक गंमत नेहमी दिसते, इंग्रजीने शिक्षणाला ओढ्याचा शब्द दिला, आपण झाडाचा, शाखा, आणि तिकडे त्यांनी ओढ्यालाच शाखा म्हणून टाकलं. ब्रुक तर दोन वेगळेच शब्द आहेत, एक ओढा आणि दुसरा खपवून घेणं, 'ब्रुक नो डिले' म्हणजे उशीर खपवून घेणार नाही, दिसायला सारखे, मूळ वेगळं.

काठावरचे शब्द पटकन सांगते. बँक म्हणजे नदीचा काठ आणि पैशाची बँक, दोन्हीच्या मागे बाक किंवा उंचवटा अशा अर्थाचा एकच जुना जर्मानिक शब्द आहे, पैशाची बँक इटालियन सराफाच्या बाकावरून इंग्रजीत आली. विमान बँक करतं तेव्हा एका अंगाला कलतं, ढगांची बँक म्हणजे ढगांची रांग, स्विचची बँक म्हणजे ओळीने लावलेले स्विच. नदीचा लेफ्ट बँक आला तर नकाशा बघून ठरवू नका, प्रवाहाच्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो, म्हणूनच पॅरिसचा लेफ्ट बँक सीन नदीच्या दक्षिणेला आहे. मिल रेस किंवा जलविद्युत केंद्राचा टेलरेस आला तर तिथे शर्यत नसते, पाणी नेण्याचा पाट असतो. स्प्रिंग म्हणजे झरा, वसंत, उडी आणि लोखंडी स्प्रिंग, चारही ठिकाणी उसळून वर येणं हेच चित्र. पण स्प्रिंग टाइडला वसंताची भरती लिहिलेलं मी छापील पुस्तकात पाहिलंय, ती दर महिन्यात दोनदा अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला येते आणि तिला आपल्याकडे उधाण म्हणतात. आणि हे एक माझं आवडतं, रायव्हल. लॅटिनमध्ये रायव्हल म्हणजे त्याच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी. पाण्यावरून भांडण होतंच, त्यातून प्रतिस्पर्धी झाला. अराइव्ह म्हणजे मुळात काठाला लागणं.

आता बेड. याचं चित्र म्हणजे सपाट पसरलेला थर, ज्यावर किंवा ज्यात काहीतरी टेकतं, विसावतं. झोपायचा बेड हा त्यातला एक प्रकार झाला, सगळ्यात ओळखीचा म्हणून आपण तोच मूळ धरून बसतो. बागेतला बेड सुद्धा इंग्रजीत हजार वर्षं जुना आहे. आणि हे चित्र मराठीला परकं नाहीये बरं का, रेझ्ड बेडला शेतकरी काय म्हणतात? गादीवाफा! कुठल्या भाषांतरकाराने ऑफिसात बसून बनवलेला शब्द वाटत नाही तो, इतका सहज आहे. फुलांच्या बेडला ताटवा, भाजीच्या बेडला वाफा. हॉटबेड म्हणजे खाली कुजणारं शेणखत घालून त्याच्या उबेवर लवकर रोपं वाढवायचा वाफा, त्यावरून कुठल्याही वाईट गोष्टीचं आगर.

नदीच्या बेडमध्ये एक बारीक गोष्ट आहे जी मला कळायला बरीच वर्षं लागली. आपण बिनधास्त 'नदीचं पात्र' लिहितो, पण पात्र म्हणजे दोन्ही काठांच्या मधली अख्खी खोलगट जागा, भांड्यासारखी, आणि इंग्रजी बेड म्हणजे त्यातला फक्त तळ. ड्राय रिव्हर बेडला कोरडं पात्र चालतं, उलट तेच शोभतं. पण कायद्याच्या किंवा इंजिनिअरिंगच्या मजकुरात 'बेड अँड बँक्स' आलं तर 'पात्र आणि काठ' चूक, कारण काठ पात्रात आलेच, तिथे 'तळ आणि काठ' लिहायला हवं. बेड लोड म्हणजे तळावरून घरंगळत, सरकत, उड्या मारत जाणारी वाळू आणि गोटे, पाण्यात तरंगत जाणारा बारीक गाळ वेगळा, त्याला सस्पेंडेड लोड म्हणतात. एका मॅन्युअलमध्ये मी सुरुवातीच्या काळात बेड लोडचं 'पात्रावरील भार' केलं होतं, म्हणजे जणू पात्रावर कुणी वजन ठेवलंय, आणि तपासणाऱ्या इंजिनिअरने एकच प्रश्न विचारला, यात हलतंय काय? तो प्रश्न मी अजून प्रत्येक अडलेल्या शब्दाला विचारते. काय हलतंय, काय स्थिर आहे, कशावर काय टेकलंय.

भूगर्भशास्त्रात बेड म्हणजे खडकाचा एक थर, आणि थरांची नावं देताना सगळ्यात लहान एककाला बेड म्हणतात, त्यावर मेंबर, फॉर्मेशन, ग्रुप असे मोठे होत जातात, म्हणून तिथे 'थर' हा शब्द एकासाठीच राखून ठेवा, चारही ठिकाणी वापरलात की मजकूर हातातून गेला. बेडरॉक म्हणजे मातीखालचा मूळ खडक, कातळ.

कारखान्यात गेलात की मराठी शब्द शोधत बसू नका. लेथचा बेड तिथले कामगार बेडच म्हणतात, थ्रीडी प्रिंटरचा बेड बेडच. पण पिकअपचा किंवा ट्रकचा बेड आला तर आपल्याकडे हौदा आहे, तो वापरा. फिल्टर बेड म्हणजे वाळूचा थर ज्यातून पाणी गाळलं जातं. फ्लुइडाइज्ड बेडमध्ये वाळू किंवा राखेसारख्या कणांच्या थरातून खालून इतक्या जोराने हवा सोडतात की तो थर उकळत्या पाण्यासारखा वागायला लागतो, काही बॉयलर यावर चालतात, म्हणजे इथे बेड स्थिर नाही पण थर आहेच. गवंडीकामात बेड जॉइंट म्हणजे विटांमधला आडवा सांधा.

आणि तुमचं दुसरं वाक्य, 'बेड द पाइप इन सँड'. इथे बेड क्रियापद आहे. चर खणल्यावर खालची जमीन उंचसखल असते, कुठे दगड वर आलेला असतो, त्यावर पाइप तसाच ठेवला तर सगळं वजन दोन-चार टोकांवर येतं आणि वरून माती भरली की पाइप तडकतो, म्हणून खाली वाळूचा थर देऊन पाइप त्यात पूर्ण लांबीभर टेकेल असा बसवायचा. मग मराठी: 'चरात वाळूचा थर द्या आणि पाइप त्यावर पूर्ण लांबीभर टेकेल असा नीट बसवा.' ब्रेक पॅड 'बेड इन' करा असं आलं तर तिथे वाळूचा काही संबंध नाही, नवीन पॅड ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून डिस्कला रुळवून घ्यायचे.

दवाखान्यातले बेड परत जपून. शंभर बेडचं हॉस्पिटल म्हणजे शंभर खाटांचं रुग्णालय, हा शब्द चांगला रुळलाय. नेल बेड म्हणजे नखाखालचा मऊ गुलाबी भाग, प्रथमोपचारात नख दाबून पांढरं करतात आणि सोडल्यावर साधारण दोन सेकंदांत रंग परत येतो का बघतात, तिथे 'नखाचा बिछाना' लिहिलं तर मदत करायला धावलेला माणूस तिथेच अडकेल. ट्यूमर बेड म्हणजे गाठ काढल्यावर ती जिथे होती ती जागा, 'गाठीची जागा' पुरे. तसं बघायला गेलं तर क्लिनिक हा शब्दच ग्रीकमधल्या खाटेवरून आलाय, खाटेवरच्या रोग्याला तपासणं.

झोपायच्या खाटांमध्येही एक खरा सापळा आहे. कॉट हा शब्द आपल्याच खाटेपासून, संस्कृत खट्वेपासून इंग्रजीत गेला. ब्रिटिश इंग्रजीत कॉट म्हणजे कठडे असलेली बाळाची खाट, अमेरिकन इंग्रजीत त्याच वस्तूला क्रिब म्हणतात आणि कॉट म्हणजे घडीची कॅम्पमधली खाट. बाळाच्या सुरक्षेचा मजकूर असेल तर आधी बघा तो कुठल्या देशात लिहिलाय, मगच पेन उचला. लिटर म्हणजे कचरा, पिल्लांची वीण, गोठ्यातलं अंथरलेलं गवत, झाडाखालचा पालापाचोळा आणि जुन्या पुस्तकात पालखी, हे सगळं लॅटिनमधल्या बिछान्याच्या एका शब्दातून, लेक्टस, आलंय, पसरलेलं गवत हे मधलं चित्र धरलं की साखळी लागते. बेडलॅममध्ये मात्र बेड नाही, ते लंडनच्या बेथलेहेम नावाच्या मनोरुग्णालयाच्या नावाचं बोलीतलं रूप आहे.

राहिलं तिसरं वाक्य. तुम्ही 'नाताळपर्यंत खाडीचा तळ कोरडा झाला' असं केलंय. ब्रिटनमध्ये क्रीक म्हणजे खाडीच, समुद्राचं पाणी आत येतं ती अरुंद वाट, डिक्शनरीत तेच पहिलं सापडतं. पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये क्रीक म्हणजे ओढा, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतसुद्धा. तुमचा शेतकरी ऑस्ट्रेलियातला आहे, म्हणजे ओढा. ड्राय बेड म्हणजे कोरडं पात्र. आणि ख्रिसमस हा शब्द वाचून तुमच्या मनात थंडी आली असणार, म्हणून वाक्य कुठेतरी खटकत होतं, पण तिकडे डिसेंबरात उन्हाळा असतो, तो माणूस सांगतोय की उन्हाळा सुरू होऊन महिना नाही झाला तोच पाणी आटलं. मी असं लिहीन: 'उन्हाळा अजून पुरता तापलाही नव्हता, नाताळ आला तोवर ओढ्याचं पात्र कोरडं पडलं होतं.'